बादली कशाने रुसली

सिडको, नाशिक
८ जून २०२५

प्रतिभा,

नळाला पाणी पहाटेच यायचं, आणि तुझा दादा ते येण्याआधीच मोरीत जाऊन बसायचा. आधी हंडा, मग कळशी, मग बादल्या. मी चहाचं आधण ठेवून भाकरीचं पीठ मळायला घ्यायचे, शेखर पांघरुणात, आणि मोरीतून ह्यांचं सुरू व्हायचं. सूर नाही, ताल नाही, रेडकू म्हशीला हाक मारतं तसं. शब्दही स्वतःच जुळवलेले, घरातल्या भांड्यांची भांडणं. मी म्हणायचे, "पुरे करा, शेजारच्या सखुबाई तक्रार करतील." ते म्हणायचे, "सखुबाईला सांग, पाणी आल्याची वर्दी फुकट देतोय." नळ बंद झाला की गाणं बंद. मग ते सायकल पुसायला आणि मी डबा भरायला.

हे आज आठवायचं कारण, मी काल विकतचं गाणं ऐकून आले.

तेजलने जुईला वर्ग लावलाय. आपल्या सुनेचं डोकं तुला माहीत आहे, पतसंस्थेत लोकांच्या ठेवी सांभाळते, पण छापील कागद कोणी पुढे केला की विश्वास ठेवते. जुई अडीच वर्षांची झाली, अजून चार-पाच शब्दांच्या पुढे जात नाही. कान तपासले, कान ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, मुलीशी भरपूर बोला. हा उपाय फुकट होता म्हणून कोणाला पटला नाही. मग गंगापूर रोडला संगीताने मेंदू वाढवून देणारी एक बाई सापडली, वेदिका मॅडम. शनिवारी तेजलला ऑफिस, म्हणून मुलीला घेऊन मी गेले.

खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी. मुलं सहा. आणि मॅडमच्या गालाला माईक चिकटवलेला, गोदाकाठी सभा असावी तसा. भिंतीवर एका बाळाचं चित्र, कानावर मोठे हेडफोन आणि डोक्यात पेटलेला दिवा. मुलांच्या हातात लाकडी अंडी दिली. हलवली की खुळखुळतात. मॅडम म्हणाल्या, परदेशी पियानो ऐकवला की मेंदूत जोडण्या तयार होतात आणि पुढे गणित चांगलं होतं. एक मुलगा अंडं चावत होता, एक झोपला होता, जुई पंख्याकडे बघत होती. "आजी, टाळ्या," मॅडम माइकमधून म्हणाल्या. मी शेजारीच बसले होते. माइकची गरज नव्हती.

आता घरीही तो पियानो वाजतो. तेजलने एक डबी आणून जुईच्या उशाशी ठेवली आहे. मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये असतं तसलं काहीतरी त्यातून ठिबकत राहतं.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून आपलं हे पोस्टाचं बरं. तब्येतीचं कळव.

चांगुणा


मनमाड
१७ जून २०२५

वहिनी,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. अंड्यांपाशी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

माझे कान तुम्ही समजता त्याच्या पुढे गेले. गाडी आली हे आता भोंग्याने कळत नाही, फळीवरची भांडी थरथरतात त्यावरून कळतं. कानातलं मशीन मधूनच शिट्टी वाजवतं आणि हे उठून कुकर बंद करायला जातात. वर चक्करही येते, म्हणून डॉक्टरने प्रवास बंद केलाय. ज्या बाईने आपल्या भावकीतल्या एकूण एक बारशाला पाळणा म्हटला तिला आता स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. असो.

पण वहिनी, वेदिका मॅडमची टिंगल करून झाल्यावर एक सांगा. जुईला घरी कोण गाऊन दाखवतं?

विचारते, कारण एका बारशाला मात्र मी पाळणा म्हटला नाही, तो जुईचाच. दादाला जाऊन चार महिने झाले होते. शेखरला बहीण नाही म्हणून आत्याच्या जागी नाव ठेवायला मीच होते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, कानात नाव सांगितलं, पाळण्यासाठी तोंड उघडलं, तर तुम्ही दारातून म्हणालात, "प्रतिभा, घरात दुखवटा आहे." मी तोंड मिटलं. तुमचं बरोबरच होतं.

वर्ष सरल्यावर तो दुखवटा काढायचा मान माझा, बहिणीचा. बाहेरच्या माणसाने येऊन गोड खाऊ घालावं, नवी साडी नेसवावी, म्हणजे घर मोकळं होतं. साडी आणून ठेवली होती. तुम्ही लिहिलंत, तुझे गुडघे दुखतात, येऊ नकोस. गुडघे माझे आणि काळजी तुम्हाला. साडी अजून कपाटात आहे.

तुमची
प्रतिभा


सिडको, नाशिक
२९ जून २०२५

प्रतिभा,

साडीला वाळवी लागली नसेल तर तूच नेस.

घरात कोण गातं म्हणून विचारलंस. घरात माणसं राहतात, भजनी मंडळ नाही. शेखर कंपनीतून येतो तो मोबाईल घेऊन बसतो. मी रेडिओ लावत नाही. रेडिओ ह्यांचा होता.

मी बाकी स्वस्थ बसलेले नाही. वाचनालयात जाऊन लहान मुलांवरची असतील ती पुस्तकं काढून आणली. तिथला माणूस म्हणाला, "आजी, आता या वयात?" मी म्हटलं, "हो, दिवस गेलेत." त्याने चटकन पुस्तकांवर शिक्के मारून दिले.

तर ऐक. पियानोने मेंदू वाढतो हे सगळं ज्या प्रयोगावरून निघालं तो कॉलेजातल्या पोरांवर केलेला होता. त्यांना थोडा वेळ पियानो ऐकवला, मग कागदाच्या घड्यांचं कोडं घातलं. ते त्यांनी जरा बरं सोडवलं, आणि तो गुणही काही मिनिटांत उतरला. त्यात एकही बाळ नव्हतं. पण बाजारात बाळांसाठी तबकड्या आल्या, आणि आई-बाप रांगेत. खरी गोष्ट मागच्या पानांवर होती, जिथे कोणी जात नाही. तान्हं मूल डबीतल्या आवाजापेक्षा ओळखीच्या माणसाच्या आवाजाला जास्त लक्ष देतं. ते माणूस तोंडासमोर हवं, मांडीवर हलवणारं हवं, आणि तेच तेच पुन्हा म्हणणारं हवं. त्यातून मुलाला बोलण्याची लय सापडते, पुढचा शब्द कधी येणार ते कळू लागतं, मग ते स्वतः टाकून बघतं. आवाज गोड असलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

हे मी एका कागदावर उतरवून वेदिका मॅडमना नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, "किती छान, आजी, आम्ही हे आमच्या पेजवर टाकू." टाकलंही. खाली माझं नाव आणि शेजारी दिव्याच्या डोक्याचं ते बाळ.

त्याच दिवशी त्यांनी आज्यांचा कार्यक्रम ठेवला होता. मध्ये फुलं लावलेला पाळणा, आणि एकेकीने पुढे होऊन गायचं. एक आजी तर नऊवारी नेसून, नथ घालून आल्या होत्या, ओठांना लाली. गाताना नजर नातवाकडे नव्हती, मोबाईल धरलेल्या सुनेकडे होती. माझी पाळी आली तशी मी म्हटलं, "मी गात नाही." मॅडमनी आग्रह धरला. तेव्हा माझ्या शेजारी बसलेली बाई त्यांच्या कानाला लागली, "राहू द्या, त्यांचे मिस्टर नाहीत." म्हणजे पाळण्याला हात लावायला नवरा जिवंत लागतो, आणि डोक्यात दिवा लावायला पियानो. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत सुखाने नांदतात.

घरी येऊन मी तेजलला सांगितलं, हा वर्ग म्हणजे श्रीमंतांची भातुकली आहे. ती म्हणाली, "असू द्या, आई." तेवढंच. तिला माझ्याशी बोलायचं नसतं. संध्याकाळी ऑफिसातून आली की जुईला स्कूटरवर चक्कर मारायला नेते, आणि परत आली की फाटकाबाहेर स्कूटर लावून कितीतरी वेळ तिथेच. जुई पुढे उभी आणि हिचं तोंड चालू. फोन, दुसरं काय. फाटक उघडलं की दोघी गप्प. माणसाने घरात येताना निदान चपलांचा तरी आवाज करावा.

चांगुणा


मनमाड
७ जुलै २०२५

वहिनी,

आज थोडक्यात लिहिते, मान खाली घातली की गरगरतं.

तुम्हीच वाचलंत, तुम्हीच उतरवलंत, आणि आता तर नावानिशी छापूनही आलं. ओळखीच्या माणसाचा आवाज, तोंडासमोर, तेच तेच. आवाज गोड नसला तरी चालेल.

हे सगळं वेदिका मॅडमना समजावून झालं. आता त्या घरात सबंध दिवस जुईजवळ जी बाई असते तिला कोण समजावणार?

रागवा, पण उत्तर द्या.

प्रतिभा


सिडको, नाशिक
२० जुलै २०२५

प्रतिभा,

तेजल जुईला घेऊन विंचूरला माहेरी गेली आहे. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, काहीतरी कळलं असतं. मी एवढंच म्हटलं की ती डबी बंद कर, डोकं दुखतं. तिने डबी बंद केली, पिशवीत भरली आणि रजा टाकली.

काल शेखर सांगत होता, जुई तिकडे बोलायला लागली. आठ दिवसांत. इथे तिच्यासाठी अंडी झाली, पियानो झाला, मी रोज तिला चित्रांची पुस्तकं वाचून दाखवत होते, ती माझ्या तोंडाकडे नुसती बघायची. आणि विंचूरला कांद्याच्या चाळीत बसून तिला वाचा फुटली. कांद्याने डोळ्याला पाणी येतं एवढं ऐकून होते. विहीणबाई आता म्हणतात म्हणे की मूल इथेच राहू द्या, तेजल येऊन-जाऊन करेल. त्यांना मूल हवं. माझ्याकडे पुस्तकं आहेत.

तेजलचा फोन येतो. मी उचलत नाही. उचलून काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तो प्रश्न नव्हता.

मोरीतला नळ ठिबकतो आहे. ह्यांनी दोऱ्याने बांधला होता तो दोरा कुजला.

चांगुणा


विंचूर
२४ जुलै २०२५

आई,

तुम्ही फोन घेत नाही म्हणून शेखरजवळ चिठ्ठी देते. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही.

वर्गाची तुम्ही चेष्टा करता ती खोटी नाही. पियानोने काही होत नाही हे मलाही दिसत होतं. मी तो वर्ग लावला कारण तो घराबाहेर होता.

बारशाला तुम्ही मनमाडच्या आत्यांना थांबवलंत तेव्हा मी पाळण्याशीच बसले होते. मला वाटलं, वर्षभराचं आहे. वर्ष झालं. नंतर कोणी सांगितलं नाही की आता चालतं. रेडिओवर कापड तसंच राहिलं. गणपतीत तुम्ही आरती मनातल्या मनात म्हटलीत, म्हणून आम्हीही तशीच म्हटली. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुमच्याकडे बघून धीर व्हायचा नाही. मग मी जुईला रस्त्यात गाऊन दाखवायची. स्कूटरवर, आणि फाटकाबाहेर उभी राहून. आत आलं की गप्प बसायचं हे मी तिला कधी शिकवलं नाही. ती माझ्याकडे बघून शिकली.

मी तिला बाबांचं गाणं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा पहाटे ते मोरीतून ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मी उशीत तोंड घालून हसले होते, नंतर आपोआप पाठ झालं.

हंडा भरला, कळशी भरली,
बादली कशाने रुसली रं?

गेल्या आठवड्यात इथे मोरीत जुईने रिकाम्या बादलीकडे बोट केलं आणि म्हणाली, "लुसली लं." माझी आई घाबरून बाहेर आली, तिला वाटलं मूल पडलं. मीच रडत होते.

आता ती दिवसभर तेच म्हणते आणि माझ्याकडे बघत थांबते. तिला पुढचं हवं असतं. पुढचं मला येत नाही. बाबा तिथपर्यंत येईतो मी चहाला उठलेली असायची. माझी आई म्हणते, दुसरं काहीतरी जोडून दे. मी जोडून पाहिलं. जुई मान हलवते, हे नाही.

तुम्हाला येत असेल.

मुलीला इथे ठेवावं असं मला वाटत नाही. पण तिला पुन्हा गप्प करायला मी तिकडे आणणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे इतके दिवस बोलले नाही.

तुमची
तेजल


मनमाड
३१ जुलै २०२५

वहिनी,

तेजलची चिठ्ठी तुम्ही आहे तशी मला पाठवलीत, सोबत स्वतःची एक ओळही नाही. तुमच्याकडून बिनटोमण्याचं पाकीट पहिल्यांदाच आलं. मी ते उलटं करून झटकूनही पाहिलं.

ते गाणं मला येत नाही. दादाने ते नाशिकला गेल्यावर जुळवलं. आता तुमच्याशिवाय कोणाला येत असेल असं वाटत नाही.

मला प्रवास बंद आहे, म्हणून पार्सल पाठवते आहे. साडी आहे आणि गुळाचा खडा आहे. तुमच्या समोर बसून भरवायला हवं, ते जमत नाही. माझ्या दादाच्या घराचा दुखवटा मी बहीण म्हणून इथून काढते. तुम्ही तोंड गोड करा आणि साडी नेसा. रंगाबद्दल काही बोलायचं नाही.

प्रतिभा


सिडको, नाशिक
११ ऑगस्ट २०२५

प्रतिभा,

पार्सल मंगळवारी मिळालं. कुरियरने दुखवटा काढणारी आपल्या घराण्यात तू पहिली. त्या पोराने दारात माझा फोटोसुद्धा काढला, पार्सल हातात धरून, म्हणे माल पोचल्याचा पुरावा लागतो. म्हणजे पुढेमागे भावकीत कोणी विचारलं तर तेही दाखवता येईल.

रंगाबद्दल बोलायचं नाही म्हणालीस, पण पोपटी? या वयात? शेजारच्या सखुबाई गॅलरीतून म्हणाल्या, "काय हो, लग्न आहे का कुठे?" मी म्हटलं, "बादलीचं." त्या आत गेल्या.

गुळाला मुंग्या लागल्या होत्या. झटकून खाल्ला. शेखर कामावरून आला तेव्हा त्यालाही दिला. कशाचा म्हणून विचारलं त्याने, मी सांगितलं. तो गूळ तोंडात तसाच धरून उभा राहिला आणि त्याने रेडिओवरचं कापड काढलं. सेल केव्हाच गेलेले, त्यातून काही निघालं नाही. मी भांडी घासायला घेतली.

वेदिका मॅडमच्या वर्गाबद्दल माझं मत होतं तेच आहे. संगीताने मेंदू वाढत असता तर तुझ्या दादाच्या ओरडण्याने आमची गल्लीच्या गल्ली कलेक्टर झाली असती. पण वर्ग सोडायला मी सांगणार नाही. जुईला ते अंडं आवडायचं, मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

तेजलला काय कळवायचं ते सुचेना. तुला मी चार-चार पानं खरडते, तिला दोन ओळी लिहिताना तीन कागद फाडले. पुढचे शब्द तिला लिहून पाठवावेत असंही मनात आलं. पण कागदावर ते अगदीच बावळट दिसतात. बघ तूच.

तांब्या म्हणे, मी न्हाय बोललो,
तपेली मधीच हसली रं.

याला काही अर्थ आहे? अर्थ विचारला तर तुझा दादा म्हणायचा, तपेलीला विचार. शिवाय "हसली" वर तो जो आवाज खेचायचा तो लिहून दाखवता येत नाही. तो आठवत होता मला, सगळा. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर दार लोटून हळूच म्हणून पाहिलं. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला आणि मधेच तुटला. तुझ्या दादाने ऐकलं असतं तर मी इतकी वर्षं त्याला जे म्हणाले ते सगळं त्याने मला परत केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पोपटी साडी नेसून येवल्याची पहिली एसटी धरली, विंचूरला उतरले, विहीणबाईंच्या मोरीत जुईसमोर बादली नळाखाली लावली आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं.